न मागितलेला नवस

मला वेळणेश्वराला पाठवलं ते देवापाशी मूल मागायला. मी ते मागितलं नाही. इतक्या वर्षांनी हे सांगायला हरकत नसावी, आणि कोणाची असली तरी मी सांगणारच आहे.

तीस साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी बावीस वर्षांची होते, लग्नाला सात वर्षं झाली होती. आम्ही पुण्यात राहत होतो, हे एका शाळेत गणित शिकवत. मूल होईना म्हणून सासूबाईंनी मला आधी वैद्याकडे आणि मग एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या बाईंनी मला नीट तपासलं आणि सासूबाईंच्या तोंडावर सांगितलं, "हिच्यात काही दोष नाही. आता तुमच्या मुलाला तपासायला घेऊन या." सासूबाई उठल्या, माझा दंड धरला आणि मला टांग्यात बसवलं. टांगा हलल्यावर म्हणाल्या, "आत जे झालं ते त्याच्या कानावर गेलं तर माझ्याशी गाठ आहे." घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, त्या बाईला काही कळत नाही, सुनेनं वेळणेश्वराला जाऊन सोळा सोमवार करावेत.

वेळणेश्वरात आमच्या आत्याबाई राहत, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. माघात धाकट्या दिरांनी मला तिकडे पोचवलं. मोटारीनं कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, गोवळकोटहून लाँच, खाडीच्या तोंडाशी उतरून पुढे बैलगाडी. उत्तरेला दाभोळची खाडी, दक्षिणेला जयगडची, समोर समुद्र आणि पाठीशी डोंगर. तो सगळा मुलूख म्हणजे जवळजवळ बेटच. मला दूर ठेवायला सासूबाईंनी जागा चांगली निवडली होती. फक्त त्यांनी स्वतः ती कधी पाहिली नव्हती.

आत्याबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, सोवळ्या बाई. तरुणपणीच नवरा गेलेला. माडाची वाडी आणि दोन म्हशी एकट्या सांभाळत. त्यांनी पहिल्याच दिवशी मला एकशे आठ चिंचोके मोजून दिले. रोज सकाळी देवळाला प्रदक्षिणा घालायच्या, दर फेरीला एक चिंचोका टाकायचा. सोमवारी उपास. आणि दर शनिवारी पुण्याला कार्ड. आत्याबाईंना लिहिता येत नसे, म्हणून त्या सांगणार आणि मी लिहिणार.

देवळामागून समुद्र तीस-चाळीस पावलांवर होता. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी प्रदक्षिणा संपल्यावर मी सरळ तिकडे गेले आणि वाळू संपेपर्यंत चालत राहिले. घरी परतेपर्यंत ऊन तापलं.

"कुठे होतीस गो?" आत्याबाईंनी विचारलं.

"समुद्रावर."

"कशाला?"

"बघायला."

"त्यात काय बघायचंय? पाणीच तर आहे."

शनिवारी त्यांनी मजकूर सांगितला: फेऱ्या चालू आहेत, प्रकृती ठीक. मी लिहिलं: फेऱ्या चालू आहेत, प्रकृती ठीक, रोज दोन-तीन मैल समुद्रावर चालते. आणि त्यांना वाचून दाखवलं.

"हे शेवटचं मी कुठे सांगितलं?"

"खरं आहे ना पण?"

त्यांनी थोडा विचार केला. "खरं आहे. राहू दे."

पुण्यात मी देऊळ, नळ आणि स्वयंपाकघर यांपलीकडे एकटी गेले नव्हते. इथे मला थांबवायला कोणी नव्हतं, आणि आत्याबाईंना म्हशी सोडून माझ्यामागे येणं जमण्यासारखं नव्हतं. मी किनाऱ्यावरून डोंगर चढून सड्यावर जाऊ लागले. वर नुसता काळा कातळ, मैलच्या मैल. फाल्गुनात तो तव्यासारखा तापतो. पाय भाजले तेव्हा मी पडवीतल्या खुंटीवर टांगलेल्या आत्याबाईंच्या नवऱ्याच्या जुन्या वहाणा काढल्या, आत चिंध्या कोंबल्या आणि घातल्या. वाटेत गवत कापणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्यांना विचारलं, "हेदवीची वाट हीच ना?" त्यांनी हसता हसता वाट दाखवली.

हेदवीला किनाऱ्याच्या खडकात एक उभी चीर आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीचं पाणी त्या चिरेत घुसतं आणि माडाएवढं उंच उसळतं. मी अंगावर तुषार घेत तिथे तासभर उभी राहिले. लुगडं चिंब झालं. परत येईपर्यंत वाळलं, आणि त्याच्यावर मिठाचे पांढरे चट्टे उमटले. पुण्यात त्या चट्ट्यांचा जाब द्यावा लागला असता.

आणि भूक! मला इतकी भूक लागते हे मला माहीतच नव्हतं. पुण्यात सगळ्यांची पानं उठल्यावर मी बसत असे, उरलेलं आणि गार. इथे आत्याबाई चुलीवरचा मऊ भात सरळ पानात वाढत. कधी कुळथाचं पिठलं, कधी नारळाच्या दुधातलं सोलांचं सार. चैत्रात फणस आले तशी त्यांच्या रसाची वाफवलेली सांदणं झाली. वाटेवर करवंदं होती, काजूची बोंडं होती. बोंडं खाऊन घसा खवखवला तरी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ली. चार महिन्यांत माझ्या बांगड्या मनगटात घट्ट झाल्या.

आठव्या सोमवारानंतरची गोष्ट. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरून मी दक्षिणेच्या टोकाला वळसा घालून गेले. पलीकडे शिंपल्यांनी भरलेली एक छोटी पुळण होती. तिथे मी वेळ घालवला. परत फिरले तर वाट पाण्याखाली गेली होती. गुडघाभर पाण्यात उतरले, तेवढ्यात लाट आली आणि खडकावर आपटले. कोपर फुटलं.

"थांब तिथंच! हालू नको!" वरच्या कपारीतून कोणीतरी ओरडलं.

एक खारवीण होती, मासेमारी करणाऱ्या खारव्यांतली, चाळिशीची, हातात कालवं फोडायची कोयती, कमरेला टोपली. ती सरसर खाली आली, माझं मनगट धरलं आणि मला खडकावर ओढून घेतलं.

"भरती कळत नाय तर येतीस कशाला गो?"

"आता कळली," मी म्हटलं.

ती हसली. माझ्या कोपरातून रक्त वाहत होतं. ती मला तिच्या माडाच्या झापांनी शाकारलेल्या घरात घेऊन गेली, जखमेवर हळद दाबली आणि विचारलं, "पेज देऊ? पण तू बामणाची. आमच्या घरचं चालायचं नाय तुला."

मी नखशिखांत भिजले होते. चुलीवर मडक्यात मुळ्यांचं कालवण रटरटत होतं. मुळे म्हणजे वाळूतले शिंपले, मी त्यांची रिकामी कवचं रोज वेचत होते. मला पुण्याचं घर आठवलं. तिथे नेमधर्म सगळे पाळले जात होते, आणि तिथेच माझ्याविषयीचं खरं दडपून टाकलं होतं. मी म्हटलं, "पेज दे. आणि ते कालवणही वाढ."

"बघ हां. मग मला बोल लावशील."

"नाही लावणार. माझ्या हातानं खातेय मी."

पहिला घास मी न चावताच गिळला, हेही खरं सांगते. दुसऱ्या घासाला चव कळली. नारळ, तिरफळ आणि समुद्र. मी पुन्हा मागून घेतलं. ती गालाला हात लावून बघत राहिली.

घरी आल्यावर मी अंगणातूनच आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या ओटीवर मटकन बसल्या.

"पेज घेतलीस ते एक समजलं. जीव जात होता. पण मासळी?"

"भूक लागली होती, आत्याबाई."

"प्रायश्चित्त घ्यावं लागेल. भटजींना बोलावते."

"मी घेणार नाही. त्या बाईनं मला पाण्यातून काढलं. तिच्या अन्नाचं प्रायश्चित्त घेतलं तर मला लाज वाटेल."

"मग माझ्या स्वयंपाकघरात तुला येता येणार नाही."

"नाही येणार."

त्या दिवसापासून माझं पान पडवीत मांडलं जाऊ लागलं. आत्याबाई वरून वाढत, शिवू देत नसत. देवळातही मी जाईनाशी झाले. ज्यात माझा दोष नव्हता त्याची क्षमा मागत फिरायचा मला कंटाळा आला होता. शनिवारी कार्ड काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे लिहू नकोस. तुझ्याच बऱ्यासाठी सांगते."

"तुम्ही सांगा ते लिहिते. त्याखाली माझं मी लिहिते."

आणि मी लिहिलं: मी खारव्याच्या घरी जेवले, मासळी खाल्ली, प्रायश्चित्त घेतलेलं नाही.

उत्तर यांच्या अक्षरात आलं. मी न्यायला येतो, अमुक दिवशी अंजनवेलच्या धक्क्यावर उतरेन, गडी पाठवावा. खाली एक ओळ होती: आईने साताऱ्याकडची एक मुलगी पाहून ठेवली आहे, त्याविषयी समक्ष बोलू. ती ओळ मी दोनदा वाचली. मग आत्याबाईंना म्हटलं, "गडी नको. मी जाते."

गाडीनं गुहागरला गेले, आत्याबाईंच्या ओळखीच्या घरी मुक्काम केला आणि सकाळी चालत अंजनवेल गाठलं. हे होडीतून उतरले ते मला बघून चमकले. मी रापले होते, पायात त्या पुरुषी वहाणा.

"तू? एकटी?"

"हो. आधी किल्ल्यावर चला. मला बोलायचंय आणि तिथे कोणी नसतं."

गोपाळगडाचा चढ फार नाही, पण यांना धाप लागली. दोनदा थांबले. तटावर पोचलो तेव्हा खाली खाडी समुद्राला मिळताना दिसत होती, दोन रंगांचं पाणी शेजारी शेजारी. ते बघत असतानाच मी डॉक्टरीणबाईंचं वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगितलं.

ते तटाच्या दगडावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आईनं मला हे सांगितलं नाही."

"म्हणून मी सांगतेय."

"किल्ल्यावर आणून माझा अपमान करायचा होता तुला?"

"कानावर घातलं तर तुमचा अपमान होतो. सात वर्षं मला वांझ म्हणत होते, तो काय होता?"

त्यांनी मान फिरवली. मी पुढे म्हटलं, "साताऱ्याची मुलगी आणायची तर आणा. कायदा तुमच्या बाजूनं आहे. पण त्याआधी त्या बाईंकडे जाऊन या. नाही गेलात तर त्या मुलीच्या बापाला मी कार्ड लिहीन. लिहायला मी घाबरत नाही, हे आता तुम्हाला कळलंय."

"उद्या माझ्याबरोबर पुण्याला चल."

"माझे चार आठवडे राहिलेत. ते पुरे करूनच येईन."

"कशासाठी? नवस तर तू मोडलास."

"नवस आईंचा होता. मला इथे बरं वाटतं, म्हणून राहणार."

ते वेळणेश्वरला आले. आत्याबाईंनी त्यांचा पाट स्वयंपाकघरात मांडला, माझं पान पडवीत. त्यांनी ते पाहिलं, क्षणभर दारात उभे राहिले, आणि आत जाऊन जेवले. मला त्याचा राग आला, तो आजही गेलेला नाही. तिसऱ्या दिवशी ते परत गेले.

ते गेल्यावर आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "काय बोललीस गो त्याला? दोन दिवस धड जेवला नाही तो."

मी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचंही. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझा नवरा गेला तेव्हा मी सतरा वर्षांची. पांढऱ्या पायाची म्हणाले. तो तर साप चावून गेला. सापाला कोणी काही बोललं नाही." त्या उठल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझं पान चुलीशेजारी मांडलं. "प्रायश्चित्त माझं मी घेईन," म्हणाल्या. "तू ये आणि जेव."

उरलेल्या दिवसांत मी रोज चालले. खारविणीकडे पुन्हा दोनदा गेले. तिनं मला भरती-ओहोटीच्या वेळा तिथीवरून मोजायला शिकवलं. ज्येष्ठ लागला, लाँच बंद व्हायच्या बेतात आली, तेव्हा निघाले.

पुण्यात साताऱ्याच्या मुलीचं नाव पुन्हा निघालं नाही. पावसाळ्यात एकदा हे सकाळीच कुठेतरी गेले आणि संध्याकाळी परतले. काय कळलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आम्हाला मूल झालं नाही. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिल्या, देव पावत होता पण हिनं मासळी खाऊन घात केला. मी त्यांच्यासमोरच म्हणत असे, "मासळी खाल्ली हे खरं आहे. घात झाला हे खोटं आहे."

असंच एकदा शेजारच्या बाई बसल्या होत्या आणि सासूबाईंनी तो विषय काढला. हे पलीकडे वह्या तपासत होते. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "आई, पुरे. दोष हिच्यात नाही." शेजारणीनं चहाचा पेला तसाच ठेवला. सासूबाई आत गेल्या. यांनी लेखणी उचलली आणि पुढची वही ओढली. त्यांचे कान लाल झाले होते. एवढं बोलायला त्यांना तीन वर्षं लागली, आणि ते वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा कधी निघालं नाही. मी त्यांचे आभार मानले नाहीत. जे खरं होतं तेच त्यांनी सांगितलं होतं.