उसवलेलं आकाश

दोरेवाल्या काकूंच्या दुकानात माणूस कापडाचा तुकडा घेऊन शिरायचा आणि दोऱ्याचं रीळ घेऊन बाहेर पडायचा. मधे फारसं बोलणं व्हायचं नाही. काकू तो तुकडा दोन बोटांत धरत, एकदा दाराच्या उजेडाकडे वळवत आणि जवळजवळ न बघताच मागच्या फळीवरचं रीळ काढत. रीळ तुकड्यावर ठेवलं की दोरा कापडात विरघळून जायचा. "अजून एखादा दाखवा ना," असं एखादं नवखं गिऱ्हाईक म्हणालंच, तर काकू निमूटपणे चार रिळं समोर मांडत आणि बटणांचे डबे पुसायला लागत. गिऱ्हाईक सगळी उलटसुलट करून शेवटी पहिल्याच रिळावर यायचं. पलीकडच्या गल्लीतले शिंपीदादा म्हणायचे, "वहिनींचा डोळा म्हणजे सोनाराचा काटा. तिथे उगाच बोट लावू नये."

अशा बाईला पन्नाशीच्या तोंडावर खेळण्यातल्या ठोकळ्यांचा नाद लागला.

झालं असं की लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि तिची खोली आवरताना पलंगाखालून एक फुगलेली पिशवी निघाली. तिच्या लहानपणीचे प्लॅस्टिकचे ठोकळे होते ते. वर गोल गुंड्या असलेले, एकमेकांत टचकन बसणारे. कुणाला तरी देऊन टाकू म्हणून काकूंनी ते चादरीवर ओतले आणि पुसायला घेतले. पुसता पुसता दोन जोडले, दोनाचे चार झाले. यजमान ड्यूटीवरून आले तेव्हा चादरीवर एक जिना उभा होता आणि गॅसवर काहीच नव्हतं.

"अगं, हे काय?"

"जिना."

"ते दिसतंय. पण जातोय कुठे?"

"तेच बघतेय," काकू म्हणाल्या.

यजमान शहर बसचे ड्रायव्हर. दिवसभर हॉर्न आणि धक्के सोसून आलेला माणूस घरी चिडचिडा व्हायचा, पण हे गृहस्थ थट्टेखोर होत गेले होते. पुढे घरात पुस्तिका बघून जोडायचे मोठमोठे संच यायला लागले. दिवाणखान्याच्या फळीवर दीपगृह आलं, त्याच्या शेजारी टाइपरायटर, मग हात वरखाली होणारी क्रेन. तेव्हा ते पाहुण्यांना दारातच सांगायचे, "चप्पल काढू नका. आमच्याकडे अनवाणी चालणं धोक्याचं आहे." तरी बाजारात कुणी जुने ठोकळे किलोवर विकतोय असं दिसलं की हाच माणूस पिशवी भरून आणायचा आणि "चुकून दिसले" म्हणायचा. काकू ते कोमट पाण्यात धुऊन पंख्याखाली चादरीवर वाळवत. वाळत घातलेल्या ठोकळ्यांवरून पंख्याची सावली फिरत असली की त्यांना फार शांत वाटे.

ठोकळे लावून ठेवायची त्यांची एक पद्धत होती आणि ती बघून सगळे चकित होत. दुकानात सगळं रंगावर. घरी मात्र आकारावर. चौकोनी एका डब्यात, लांबट दुसऱ्यात, उतरते तिसऱ्यात. रंग वाट्टेल तसे मिसळलेले.

"उलटंच की," लेक सुट्टीला आली तेव्हा म्हणाली. "तू तरी रंगानं लावशील असं वाटलं होतं."

"रंगाचं काय, तो लांबून हाक मारतो," काकू म्हणाल्या. "लाल ठोकळ्यांच्या ढिगात लहानसा लाल तुकडा शोधून बघ, डोळे फुटतील. आकार लपतो, म्हणून आकार वेगळे करायचे. रंग माझा मी बघून घेईन."

या शेवटच्या वाक्यावर त्यांची सारी भिस्त होती.

महिन्यातून एकदा वाचनालयाच्या मागच्या खोलीत ठोकळेवाल्यांची बैठक भरायची. रुग्णालयातल्या एक सिस्टर, लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ, शाळेच्या कचेरीतला एक कारकून, अशी सगळी मोठी, संसारी माणसं. गोंद लावायचा नाही आणि रंग फासायचा नाही, एवढेच त्यांचे नियम. या मंडळींचं प्रदर्शन ठरलं तेव्हा काकूंनी पहिल्यांदाच पुस्तिका बाजूला ठेवून मनानं काही करायला घेतलं. कमानींचा रेल्वे पूल, त्यावर काळं इंजिन, आणि मागे उभं केलेलं संध्याकाळचं आकाश. खाली नारिंगी, त्यावर गुलाबी, मग फिका निळा, निळा, आणि अगदी वर नेव्ही ब्लू. एकेक ठोकळा हातात घेऊन, मान तिरकी करून त्या लावत होत्या. कित्येक महिने ते आकाश वर वर चढत होतं.

ते पुरं होत आलं त्या सकाळी खिडकीतून थेट ऊन पडलं होतं. यजमान चहाचा कप घेऊन समोर उभे राहिले.

"छान झालंय. पण आकाशाला भोकं पडलीत गं."

"कसली भोकं?"

"हे काय. हा काळा, हा काळा, इकडे हे चार काळे. आणि इंजिनाला हे निळे ठिपके कशाला दिलेस?"

काकू जवळ गेल्या, मग मागे सरकल्या. त्यांना वरचं सगळं आकाश एकसारखं दिसत होतं आणि इंजिन होतं तसं काळंभोर.

"तुम्हाला कुठले रंग कळतात?" त्या म्हणाल्या.

"तेही खरंच. मला तीनच येतात. लाल, पिवळा, हिरवा," यजमान म्हणाले आणि त्यांनी विषय सोडून दिला. काकूंना मात्र तो सोडता येईना. गेल्या काही महिन्यांतल्या, कानामागे टाकलेल्या गोष्टी एकेक करून पुढे येऊन उभ्या राहिल्या. एक बाई रीळ परत घेऊन आल्या होत्या. काकूंनी त्यांना "ट्यूबलाइटमध्ये तसंच दिसतं, उन्हात बघा" म्हणून वाटेला लावलं होतं. हल्ली त्या सगळ्यांनाच उन्हात बघायला सांगत होत्या. घरी रंग मिसळलेल्या डब्यांतून डोळ्यांवर विसंबून उचलत राहिल्या, म्हणून डोळ्यांनी दगा दिलेला कळलाच नाही. दुकान भाड्याचं होतं, माल कुणीही भरू शकला असता. त्यांचं स्वतःचं असं जे होतं ते एवढंच, की त्यांनी दिलेला रंग चुकत नाही.

दुपारी दुकान अर्धं बंद करून त्या शिंपीदादांकडे गेल्या.

"दादा, खरं सांगा. माझ्याकडून चुकीचा दोरा येतो का?"

शिंपीदादांनी मशीन थांबवलं. "वहिनी, बसा आधी."

"म्हणजे येतो."

त्यांनी खण ओढला. आत काळी म्हणून दिलेली नेव्ही ब्लू रिळं होती, आणि नेव्ही ब्लू म्हणून दिलेली काळी.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमची चूक असेल असं मनात आलंच नाही. मला वाटलं माझेच डोळे गेले. मी जाऊन चष्मा बदलून आलो." त्यांनी नाकावरचा नवा चष्मा काढून दाखवला. "मग कळलं, पण तोवर... तुम्हाला सांगायला जीभ रेटेना."

काकूंना हसूही आलं आणि रडूही. "चष्म्याचा भुर्दंड माझ्यामुळे पडला म्हणायचा."

"असू द्या. जवळचं छान दिसतं यातून," शिंपीदादा म्हणाले. "पण वहिनी, डॉक्टरांकडे जा."

"जाते. पण यापुढे गप्प बसायचं नाही. कबूल?"

"कबूल," शिंपीदादा म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टर वयानं लेकीएवढ्या होत्या. त्यांनी दिवा मारून दोन्ही डोळे पाहिले. "मोतीबिंदू आहे. बरीच वर्षं तुम्ही पिवळसर काचेतून बघताय म्हणा ना. त्यात निळा आधी मरतो. एकेक करून दोन्ही डोळे करू."

"ऑपरेशननंतर माझे रंग तेच राहतील ना?"

"तेच म्हणजे कोणते, काकू? आत्ताचे की पूर्वीचे?"

घरी येताना काकू बसमध्ये खिडकीशी बसून दुकानांच्या पाट्या बघत राहिल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एकाही रंगाची खात्री वाटेना.

उजवा डोळा आधी झाला. पट्टी निघाली त्या दिवशी त्या घरभर एकेक डोळा झाकत फिरल्या. डाव्या डोळ्याला स्वयंपाकघराची भिंत सायीसारखी दिसे, उजव्याला पांढरीशुभ्र. मग त्यांची नजर दोरीवर वाळणाऱ्या शर्टांकडे गेली.

"अहो, तुमचे पांढरे शर्ट निळे कसे?"

"आत्ता दिसलं? वर्षभर नीळ ओततेस त्यात. डेपोत मला नीळकंठ म्हणतात."

"मला ते पिवळट वाटायचे! सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, तुम्हाला कुठले रंग कळतात."

काकूंना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यावर ताण नको म्हणून त्यांनी हसू आवरलं आणि मग त्या आकाशासमोर जाऊन बसल्या. काळी भोकं दिसलीच, पण त्यांचं काय, ती बदलता आली असती. खरी गोम वेगळी होती. निळे निळ्यांशेजारी नीट बसलेच नव्हते. जिथे संध्याकाळ हलकेच उतरायला हवी होती, तिथे कुणी दार आपटावं तसा रंग बदलत होता. सगळं आकाशच जुन्या डोळ्यानं रचलेलं होतं.

"उसवायचं," त्या म्हणाल्या.

"वेडी आहेस का? प्रदर्शन आठवड्यावर आलंय. लोकांना काय कळतंय त्यातलं?"

"लोकांना नाही कळणार. मला कळतंय ना."

"अगं, पण डॉक्टरांनी वाकायला बंदी केलीय."

"म्हणून तर तुम्ही उसवायचं. मी सांगते."

यजमानांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हातानं ठोकळे सुटे करायची पाचर उचलली. स्टिअरिंगवर राठ झालेल्या त्यांच्या बोटांना ते नाजूक काम जमेना. दर दोन ठोकळ्यांमागे एक उडून सोफ्याखाली जाई. "बस चालवणं सोपं आहे," असं ते पुटपुटत होते. पण वरपासून खालपर्यंत सगळं आकाश त्यांनीच उतरवलं, आणि ओट्यावर मांडून ठेवलेल्या वाडग्यांत बायकोच्या सांगण्यावरून निळे वेगळे केले. तीन रंगांच्या त्या माणसाला आठवडाभरात पाच निळे ओळखता यायला लागले.

दुकानातही काकूंनी लपवाछपवी ठेवली नाही. "माझा एक डोळा नवा आहे आणि एक जुना," त्या गिऱ्हाइकांना सांगत. "निळ्या-काळ्यात माझी चूक झाली असेल तर रीळ आणा, बदलून देते." काही जण घेऊन आलेही. पण बहुतेकांनी "असू द्या हो काकू" म्हटलं आणि नवा तुकडा पुढे केला. काकू डावा डोळा झाकून बघत आणि मगच हात लांब करत. पूर्वीपेक्षा अंमळ वेळ लागे. कुणाची तक्रार नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी पूल वाचनालयाच्या सभागृहात पोचला. इंजिन पुन्हा काळंभोर झालं होतं, पण आकाशाच्या जागी नुसती मोकळी पाटी होती, खाली नारिंगीच्या चार ओळी.

"ताई, मागे एखादा पडदा लावूया का?" सिस्टर काळजीनं म्हणाल्या.

"नको. मी इथेच बसून लावते."

लिफ्टवाल्या गृहस्थांनी टेबलाच्या पायांखाली विटा सरकवून ते उंच करून दिलं, म्हणजे वाकायला नको. काकूंनी वाचायच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर कागद चिकटवला, वाडगे मांडले आणि काम सुरू केलं. बाकीच्या टेबलांवर किल्ले होते, जहाजं होती, सगळी पुरी झालेली. लोक ती बघून पुढे सरकत आणि काकूंपाशी येऊन थबकत.

"मावशी, तुमचं अजून झालं नाही?"

"आकाश आहे. एकदम होत नाही."

कुणी विचारलं की उशीर का झाला, तर त्या मोतीबिंदूपासून सगळं सांगत. ना लाजणं, ना रडगाणं. एक गृहस्थ वाडग्यात डोकावून म्हणाले, "यात काळा आणि निळा वेगळा आहे कुठे? एकच तर आहे." काकूंनी त्यांना दोन ठोकळे देऊन खिडकीपाशी पाठवलं. तिथूनही त्यांनी "एकच!" असं ओरडून सांगितलं. "मग उद्याच डोळे तपासून घ्या," काकू म्हणाल्या, आणि भोवतालची माणसं हसली तरी त्या हसल्या नाहीत.

दुपार कलायला लागली तेव्हा निळा सुरू झाला होता. फिका निळा कुठे संपतो ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. शिंपीदादा दुकान बंद करून आले आणि मागे हात बांधून उभे राहिले. कापडाचा पोत बघतात तसं ते आकाश बघत होते. वरच्या कोपऱ्यात, जिथे नेव्ही ब्लू नुकता लागत होता, तिथे त्यांची नजर अडली. ते आणखी जवळ सरकले.

"बोला," मान न वळवता काकू म्हणाल्या. "आपलं ठरलंय ना?"

"नाही, म्हणजे... वहिनी, तो उजवीकडचा, कडेचा. काळा वाटतो मला."

यजमान पुढे झाले. काकूंनी त्यांना हातानं थांबवलं. चष्मा नीट केला, त्या ठोकळ्याकडे बघितलं, मग नजर दुसरीकडे नेऊन पुन्हा त्यावर आणली.

"निळा आहे," काकू म्हणाल्या.

शिंपीदादा वाकले. चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं.

"निळाच आहे."

"नक्की? का मला बरं वाटावं म्हणून?"

"नाही हो वहिनी. माझी सावली पडली होती त्यावर."

"मग सरका की बाजूला," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा ठोकळा उचलला.