फ्लेक्सच्या पाठीवरची रणांगणं

बातमी आली तेव्हा मी गच्चीवर उभी राहून नवरा आणि दीर, दोन्ही भावांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. वैशाखाचं ऊन, खाली कुरडयांचा चीक शिजून तयार, आणि गच्चीच्या बरोब्बर मधोमध, सगळ्यात चांगलं ऊन लागतं त्या जागी, न्हाणीघराचा जुना फ्लश डोअर आडवा पडलेला. त्यावर डोंगर, पायवाटा, भाताची खाचरं आणि मधून वळणं घेत गेलेली वीतभर रुंदीची नदी. नदी अजून चिकट होती. तिच्यात माश्या अडकून मेल्या होत्या. शेजारी आमचा टेबलफॅन खालच्या खोलीतून ओढत आणलेल्या वायरवर भर उन्हात त्या नदीला वारा घालत होता. तो तिथे कसा आला ते पुढे सांगेन. तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातून आमचे हे बोलत होते. "गेला," एवढंच म्हणाले. मग, "शशी गेला गं..."

खरं सांगते, त्या क्षणी रडू नाही आलं. आधी वाटलं, अहो भाऊजी, आता हे सगळं आवरायचं कुणी?

शशिकांत म्हणजे माझे धाकटे दीर. मी मढची, पलीकडच्या जुन्नर तालुक्यातल्या डोंगरातली. लग्न होऊन अवसरी बुद्रुकला आले तेव्हा भाऊजी मंचरात पाट्या रंगवायचे. दुकानांची नावं, ट्रॅक्टरच्या पाठीवरची अक्षरं, देवळाच्या भिंतीवरचे हत्ती. पुढे फ्लेक्स आले आणि ब्रशचं काम संपलं. तर हे फ्लेक्सच्याच दुकानात कॉम्प्युटरवर बसायला लागले. संसार केला नाही. वरच्या खोलीत राहायचे, जेवायला खाली यायचे, आणि बाकी वेळ लढाया खेळायचे.

आता ह्या लढाया म्हणजे काय, हे मला जो विचारेल त्याला सांगून सांगून मी थकले. बोटाच्या पेराएवढे सैनिक. भाऊजी ते दुकानातल्या प्रिंटरवर जाड कागदावर छापायचे आणि कापून उभे करायचे. दोन बाजू, दोन फौजा. बुद्धिबळासारखी घरं नाहीत. शिंप्याच्या टेपनं मोजायचं, कुणी किती चालायचं ते, आणि फासे टाकून ठरवायचं कोण मेलं. पण भाऊजींचा जीव सैनिकांत नव्हता, खालच्या जमिनीत होता. असल्या खेळाच्या छापील चटया बाहेरदेशी मिळतात म्हणे. मी एकदा वैतागून म्हटलं, "मागवा बाई एक, आणि माझं घर मोकळं करा." तर म्हणाले, "वहिनी, जमीन काय इकत घ्यायची? आपल्याकडं हाय की."

आणि खरंच त्यांना सगळीकडे जमीनच दिसायची. वाढदिवस उलटून गेलेले फ्लेक्स ते दुकानातून घरी आणायचे. पुढून गॉगल लावलेला कुणी दादा हसतोय. मागची बाजू कोरी पांढरी. त्या पाठीला पॉलिश पेपर मारायचा, खिडकीच्या फटी भरायच्या पेस्टमध्ये रंग, रेती आणि लाकडाचा भुसा कालवायचा आणि उलथण्यानं पसरायचं. उलथणं अर्थातच माझं. वाळलं की हुबेहूब माळरान, आणि गुंडाळून कोपऱ्यात ठेवता येणारं. पहिल्या वेळी चुकीची पेस्ट आणली, तिच्यावर रंगच धरेना; अख्खं माळरान सायीसारखं सुटून हातात आलं. दुसऱ्यांदा टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचा डोंगर केला आणि त्यावर स्प्रे मारला, तर डोंगर माझ्या डोळ्यांदेखत विरघळून बसला. भाऊजी त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याला आधी पांढऱ्या गोंदाचा हात पायजे व्हता." जणू चूक डोंगराची. भांडी घासायच्या हिरव्या घासण्यांची झाडं व्हायची. मी दुकानात घासण्या घ्यायला गेले की दुकानदार विचारायचा, "वहिनी, भांड्यांना का जंगलाला?"

एकदा निवडणुकीच्या तोंडावर ओलं माळरान त्यांनी कठड्यावर वाळत घातलं, रंग आतल्या बाजूला आणि गॉगलवाले दादा रस्त्याच्या बाजूला. दोन दिवस गावभर चर्चा, आम्ही पार्टी बदलली. ह्यांना पारावर चार माणसांनी झापलं. घरी येऊन हे माझ्यावर ओरडले. भाऊजींवर ओरडता येत नव्हतं, कारण दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

ह्यांनी फार वर्षांपूर्वी भाऊजींसाठी एक स्थळ आणलं होतं. चांगली मुलगी, माणसं ओळखीची. साखरपुड्याला पाहुणे जमले, मांडवात जेवणाच्या पंगती मांडल्या, आणि भाऊजी स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "वहिनी, मला न्हाई जमायचं. दादाला सांगा." का, म्हटलं. बोलले नाहीत. मलाच बाहेर जाऊन सांगावं लागलं. पाहुणे उठून गेले. त्या संध्याकाळी हे म्हणाले, "त्याला सांग, आजपासून त्याचं माझं बोलणं बंद." आणि बंद म्हणजे बंद. वीसेक वर्षं! एक घर, एक चूल, एक दार. जेवताना समोरासमोर बसून हे म्हणायचे, "त्याला सांग, मोटार जळालीय, मंचरातनं माणूस बोलाव." भाऊजी म्हणायचे, "दादाला सांगा, सांगितलंय कालच." दोघांच्या मधे मी, हातात भाकरी. मी ओरडायचे, रडायचे, एकदा तर दोन दिवस मीही बोलणं बंद केलं. तर दोघं मुकाट जेवले आणि मोटार तशीच पडून राहिली.

मग आमच्या वस्तीवर वाघ आला. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. उसात त्याचा मुक्काम असतोच, पण त्या वर्षी शेजारच्या कुसुमताईंच्या गोठ्यातून दिवसाउजेडी कालवड उचलली, आणि सगळी वस्ती दिवेलागणीला कड्या लावून आत बसायला लागली. ह्यांचं पारावर जाणं थांबलं. त्यात टीव्ही विजेनं जळालेला. भाऊजींच्या खोलीचं छत गळत होतं, म्हणून त्यांनी माळरान खाली सोप्यात आणून पसरलं आणि दोन्हीकडून एकटेच खेळायला लागले. हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायचे. एका संध्याकाळी तोंड फिरवून बघायला लागले. दुसऱ्या संध्याकाळी उठून बसले. आणि एकदा मी तांदूळ निवडत बसलेली असताना एकदम म्हणाले, "त्याला सांग, डाव्या अंगाला सगळं उघडं पडलंय."

भाऊजींनी मान वर केली नाही. "दादाला सांगा, दिसतंय तर या म्हनावं सांभाळायला."

हे उठले आणि समोर जाऊन मांडी घालून बसले! मला वाटलं, सुटले मी. कसलं काय... खेळ सुरू झाला, बोलणं नाहीच. उलट माझं काम वाढलं. पूर्वी मोटारीपुरते निरोप होते, आता तोफांचे निरोप. भाजी फोडणीला टाकलेली आणि सोप्यातून हाक, "त्याला सांग, नदीतनं तोफ जात न्हाई."

"दादाला सांगा, तिथं पूल हाय. डोळं असतील तर दिसंल."

"त्याला सांग, तो पूल न्हाई, आगपेटीय."

मी हातात कालथा घेऊन बाहेर यायचे आणि न्याय करायचे. कुसुमताई कुंपणापलीकडून विचारायच्या, "अगं, भांडणं चाललीत का?" काय सांगणार? भांडणं असती तर बरं झालं असतं. वाघ पिंजऱ्यात सापडला, वनखात्याची माणसं घेऊन गेली, लोक पुन्हा पारावर बसायला लागले. हे गेले नाहीत. तिन्हीसांजेला हातपाय धुऊन सोप्यात येऊन बसायचे आणि मला म्हणायचे, "त्याला सांग, मांड."

गेल्या दिवाळीनंतर दोघांना सपाट माळरानाचा कंटाळा आला. डोंगरातली लढाई पाहिजे. भाऊजी मला विचारायला आले, "वहिनी, तुमच्या मढचं करू का?" मी म्हटलं, माझ्या माहेरात तरी मारामाऱ्या नकोत. पण त्यांनी न्हाणीघराचा फुगलेला दरवाजा काढलाच. नवा बसेपर्यंत आठवडाभर आम्ही पडदा लावून अंघोळी केल्या, आणि हे त्या पडद्याआडून ओरडायचे, "त्याला सांग..." खाचरं करताना भाऊजींनी मला बसवून घेतलं. बांध केवढे, पाणी कुठल्या कोपऱ्यातून खाली उतरतं, श्रावणात भात कसा दिसतो. मी म्हटलं, हिरवा. तर त्यांनी एकच हिरवा फासला आणि मला बघवेना. "अहो, असा नसतो. नाचणीचा वेगळा, भाताचा वेगळा, आणि बांधावरच्या गवताचा तिसराच." त्यांनी सगळं खरवडून पुन्हा रंगवलं. पुन्हा चुकलं. पुन्हा खरवडलं. महिनाभर माझ्या ओट्यावर हिरव्या रंगाच्या वाट्या. पण एका सकाळी तो दरवाजा बघितला आणि मला आमच्या घराची वाट ओळखू आली. चिंचेपाशी वळते ती. मी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर अजून एक दरवाजा निघाला असता.

शेवटी फक्त नदी राहिली होती. पाण्याला चमक यावी म्हणून गोंद एकदम जाड ओतला. "थर पातळ द्यायचा आसतो," हे त्यांनीच मला दहादा सांगितलेलं. का घाई केली, कोण जाणे. त्याच दुपारी छातीत कळ आली.

मंचरच्या दवाखान्यात आम्ही दोघं संध्याकाळी त्यांच्याजवळ होतो. चेहरा कागदासारखा झाला होता. बराच वेळ डोळे मिटून पडले होते, मग उघडले आणि माझ्याकडे नाही, सरळ ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "दादा, नदी वाळली का?"

ह्यांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी निरोप पुढे द्यावा म्हणून. मी तोंड उघडलं नाही. उघडणारच नव्हते. इतकी वर्षं पोचवले निरोप, हा नव्हता पोचवायचा मला. हे खाली बघत राहिले, पलंगाची कड घट्ट धरून.

"वाळली," हे म्हणाले.

"चांगली चमकती का?"

"लई. खऱ्यावानी."

भाऊजी हसले आणि डोळे मिटले.

घरी येताना गाडीवर मी मागून विचारलं, "अहो, तुम्ही बघितली तरी होती का?" घरी पोचल्यावर चपलाही न काढता गच्चीवर गेले. नदी दह्यासारखी पांढरी, थबथबीत. तेव्हा टेबलफॅन वर गेला. सकाळी दवाखान्यात जाताना मला बजावून गेले, "पंखा बंद करू नको. त्याला घरी आणल्यावर दाखवायचीय."

दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे गेले. मग एका दुपारी हे सोप्यात नुसतेच बसले होते. म्हणाले, "त्याला विचारायचं राहिलं. त्या दिवशी न्हाई का म्हनला ते."

माझा संताप संताप झाला. "मग विचारायचं होतं की! रोज समोर बसायचा तो! हात लांबवला तर लागेल एवढ्यावर!"

"वाटायचं, तोच सांगंल." मग म्हणाले, "आणि विचारून खेळ मोडला असता तर?"

दोघं एकाच मातीचे. मलाही भाऊजींनी ते कारण कधी सांगितलं नाही, आणि आता सांगायला ते नाहीत. राग धरायचा तरी कुणावर!

भाऊजींची वरची खोली मी अजून आवरलेली नाही. पण मोरीपाशी त्यांचा एक पत्र्याचा डबा असायचा, चहाच्या चोथ्याचा. आमच्या घरी चोथा फेकायचा नाही, हा त्यांचा कायदा. उन्हात वाळवून, चाळून ते त्याची माती करायचे; नांगरलेल्या रानाला तसा रंग दुसऱ्या कशानं येत नाही म्हणे. ते गेल्यावरही माझा हात आपोआप चोथा त्याच डब्यात टाकत राहिला. परवा बघते तर डबा काठोकाठ, आणि वर बुरशी. मी उचलला आणि कढीपत्त्याच्या झाडाखाली ओतायला निघाले. दारापर्यंत गेले नाही तोच मागून आवाज आला.

"टाकू नको."

"मग काय करू? बुरशी आलीय ह्याला. डोक्यावर घेऊ?"

हे उठले, माझ्या हातातून डबा घेतला, वरची बुरशी चमच्यानं काढून टाकली, आणि मी नुकतीच धुऊन ठेवलेली पिठाची चाळणी, विचारल्याशिवाय, घेऊन गच्चीवर गेले.