भीमरावला बाहेर काढलं

नागपूर स्टेशनात उतरलो तेव्हा आम्हा कोल्हापूरकरांचा थाट असा, की चषक आधीच आमच्या ट्रंकेत आहे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या संघाशी फुटबॉलचा अंतिम सामना. मी खेळाडू नव्हे, नुसता पाठीराखा. पण आवाज माझाच मोठा.

संध्याकाळी सावजी (जहाल काळ्या मसाल्याचं जेवण) खानावळ गाठली. आम्ही तांबड्या रश्श्यावर वाढलेली माणसं, म्हणून ऐटीत "झणझणीत वाढा" म्हणालो. दोन घासांत नाक-डोळे वाहू लागले. समोर एक उंच गोरा माणूस घाम पुसत मजेत जेवत होता. हे यानसाहेब, हॉलंडचे जुने खेळाडू, आता नागपूरच्या संघाचे प्रशिक्षक. मोडक्या हिंदीत म्हणाले, "हम भी फॉरवर्ड था. फायनल में घुटना दुखा, हम छुपाया. किसी ने बाहर नहीं निकाला. वो हमारा आखिरी मॅच." आणि पुन्हा भाकरी मोडली.

ते गेल्यावर खानावळवाले काका हळूच म्हणाले, "उद्या कप नाही आला तं साहेबाले परत पाठवून देतीन. कमिटीनं सांगूनच ठेवलं."

दुसऱ्या दिवशी सामन्यात मध्यंतराला एक-एक बरोबरी. त्यांचा गोल कप्तान भीमरावचा. नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामात ट्रक भरणारा हा गडी, पण पायात चेंडू आला की आमचे बचावपटू नुसते बघत राहायचे. मध्यंतरानंतर तो सारखा गुडघा दाबू लागला. यानसाहेब उठले आणि त्याला बाहेर बोलावलं. मैदान पेटलं.

"काहून काढलं गा त्याले? येड लागलं का?"

भीमराव रडत बाहेर आला. साहेबांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. कमिटीवाले अंगावर धावून गेले, पण साहेब जागचे हलले नाहीत. अखेर आम्ही जिंकलो. मी घसा बसेपर्यंत ओरडलो.

परतीच्या गाडीत आमच्याच डब्यात साहेब, सगळ्या सामानासकट हॉलंडला परत निघालेले. फलाटावर भीमराव काठी टेकत आला, हातात संत्र्यांची करंडी.

"साहब, डॉक्टर बोला, एक धक्का और लगता तो पैर गया था. मेरे कारण आपकी नौकरी गई."

"नौकरी दूसरा मिलता है," साहेब म्हणाले, "घुटना नहीं."

गाडी हलली तशी भीमरावनं मला हाक मारली, "साहेबाकडे ध्यान ठेवजा भाऊ!" माझे डोळे भरून आले, आणि या वेळी सावजी खाल्लेलं नव्हतं.

कोल्हापुरात चषकाची मिरवणूक निघाली, मी गुलालात न्हालो. पुढच्या वर्षी नागपूरचा संघ आमच्या गावी आला. भीमरावनं त्याच पायानं आमच्यावर दोन गोल चढवले. शेजारचे लोक मला शिव्या घालत होते, कारण मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो.