मधलं घर

हॅरो काउंटीत कुणालाही विचारा, कसं चाललंय? उत्तर एकच मिळेल: तक्रार नाही. गारपिटीनं उभा गहू झोपला, गुरं मातीमोल गेली, तरी तक्रार नाही. आमच्या या सवयीनं सगळ्यात जास्त छळलं सोल्वेग टॉफ्टला.

सोल्वेगनं छत्तीस वर्षं इथलं टपाल वाटलं. कुणाच्या घरी पेन्शनचं पाकीट येतं, कुणाकडे बँकेची तिसरी नोटीस, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं, पण तोंडातून कधी एक अक्षर बाहेर पडलं नाही. म्हणूनच एकोणनव्वद साली पाणी मंडळानं घरोघरचं उत्पन्न विचारायचं काम तिच्या गळ्यात घातलं. सरकारी अंदाज टपालानं भरून आलेल्या मूठभर कागदांवर निघे आणि दरवर्षी हेलकावे खाई. घरोघर मोजणी करून मधल्या घराचं उत्पन्न ठरावीक रेषेच्या खाली दाखवलं, तर नळाच्या पाण्यासाठी अनुदान मिळणार होतं. मधलं घर म्हणजे, सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे ओळीत उभी केली की बरोबर मध्ये येईल ते.

सोल्वेग स्वयंपाकघरांतून बसली, पातळ कॉफी प्यायली आणि लोकांनी सांगितलं ते लिहून घेतलं. दुष्काळाचं वर्ष होतं, पण शेजारणीच्या तोंडावर गरिबी कोण सांगणार? जो तो आपल्या सगळ्यात चांगल्या वर्षाचा आकडा सांगून मोकळा. हालवरनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानंही तेच केलं आणि तिनं ते मुकाट्यानं लिहिलं. कागदावर आम्ही असे श्रीमंत निघालो की अनुदान शेजारच्या काउंटीत गेलं.

दुसरी कुणी असती तर परत या भानगडीत पडली नसती. सोल्वेगनं पुढच्या मोजणीला पद्धतच बदलली. प्रश्न विचारायचाच नाही. कोरी चिठ्ठी द्यायची, करपत्रकातला आकडा लिहायला सांगायचं, आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकेपर्यंत आपण खिडकीबाहेर बघत बसायचं. नाव नाही, गाव नाही. दोन हजार एक साली त्याच डब्याच्या जोरावर दवाखान्याला नर्स मिळाली. तिच्यासारखं डोकं मी वरच्या कचेऱ्यांतही पाहिलेलं नाही.

पाणी मात्र राहिलंच. विहिरींत नायट्रेट इतकं वाढलं की पोरीबाळी बाळांच्या दुधासाठी चाळीस मैलांवरून कॅन भरून आणायच्या. दोन हजार एकोणीसला, सत्तरी उलटल्यावर, सोल्वेग पुन्हा डबा घेऊन, स्वतःचं धरून सत्तेचाळीस घरं फिरली.

रविवारी चर्चनंतर तळघरात सगळ्यांदेखत डबा उघडला. मंडळाचा अध्यक्ष डेल क्निपेल यानं चिठ्ठ्या टेबलावर चढत्या क्रमानं मांडल्या. भरल्या सेहेचाळीस. मधल्या दोन होत्या, पन्नास हजार सहाशे डॉलर आणि चोपन्न हजार. दोन्हींची सरासरी बावन्न हजार तीनशे. रेषा बावन्न हजारांची.

"एक कमी आहे," डेल म्हणाला. "कुणाची राहिली?"

सोल्वेगनं पर्समधून कोरी चिठ्ठी काढली. तीन आठवडे ती तिथंच होती. हालवरच्या आजारपणात जमीन गेली होती, आणि आठ वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती की हालवर भरपूर ठेवून गेलाय. तेच खरं असतं तर तिची चिठ्ठी वरच्या बाजूला पडली असती आणि मधली ठरली असती चोपन्न हजार. तिची मान ताठ राहिली असती, पण गावाचं पाणी हातचं गेलं असतं.

डेल काय समजायचं ते समजला. हळूच म्हणाला, "आम्ही सगळे तोंड फिरवतो. तू टाक सावकाश."

"एकच तर चिठ्ठी उरलीय रे," सोल्वेग म्हणाली. "तोंडं फिरवून काय लपणार?"

तिनं उभ्यानंच आकडा लिहिला आणि त्याच्या हातात दिला. डेलनं तो मनात वाचला. वर बघितलं, पुन्हा वाचला.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "मोजणी उघड्यावर व्हायला हवी."

"एकोणीस हजार चारशे."

डेलनं ती चिठ्ठी अगदी खालच्या टोकाला ठेवली, बोटानं चोविसापर्यंत मोजलं आणि मधला आकडा सांगितला: पन्नास हजार सहाशे. पाणी मिळणार होतं, पण टाळी वाजवायचं कुणाला सुचलं नाही.

सोल्वेगच्या समोरच राहणारी व्हर्ना जवळ आली. तिला रडू आवरेना. "रोज विचारत होते ना गं तुला, कसं चाललंय?"

"विचारत होतीस," सोल्वेग म्हणाली. "आणि तू तरी काय सांगायचीस?"

व्हर्नानं टेबलावरच्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. मग तळाच्या, सोल्वेगच्या शेजारच्याच चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"ही माझी," ती म्हणाली.