बदकबाईची पाठ

शाळेत त्यांना सगळे ‘चित्रांच्या बाई’ म्हणत. कौतुकाने म्हणत असं मुळीच नाही. दर शनिवारी शेवटच्या तासाला त्या दुसरीच्या मुलांना कवितांची सचित्र पुस्तकं दाखवत, आणि शिक्षकांच्या खोलीत त्या तासाची यथेच्छ टिंगल चाले. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरलं की स्वतःला अक्षरं दिसत नाहीत, म्हणून बाई आदल्या दिवशी घरी कपडे वाळत घालता घालता कविता घोकत. सासूबाई म्हणत, “अगं, आता मलाही येते ती. उद्या मीच जाते शाळेत, तू घरी आराम कर.”

यंदा मात्र मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना बोलावून घेतलं. “चित्रं बघून मुलं खूश होतात, कबूल. पण डोक्यात काही राहतं का? सोमवारी वर्गात येते. मनात येईल त्याला उठवीन. कविता आली तर तास तुमचा, नाहीतर तिथे गणित.”

गणिताशी बाईंचं काही वैर नव्हतं, पण त्या एका तासावर त्यांचा जीव होता. शनिवारी त्यांनी मुलांना दहादा बजावलं, “बदकाची कविता पाठ करून या हं!”

सोमवारी मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी नेमकं वटवटीलाच उठवलं. हे नाव बाईंनी मनातल्या मनात ठेवलेलं. पोरीचं तोंड दिवसभर मिटत नसे, पण कविता म्हण म्हटलं की दातखीळ! बाईंनी तासावर पाणी सोडलं.

“काय गं, कविता पाठ केलीस?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“हो!” वटवटीने दप्तरातून एक चुरगळलेला कागद काढला. त्यावर बदकबाई चार वेळा काढलेली होती, त्यात तीनदा चक्क पाठमोरी. नुसती पाठ आणि शेपटी.

“हे काय?”

“पाठ. बाई म्हणाल्या ना, पाठ करून या. मग मी बदकबाईची पाठ केली.”

वर्गात हशा पिकला. बाईंना हसावं की रडावं कळेना. पोरीचं तरी काय चुकलं होतं? इतकी वर्षं आपण ‘पाठ करा, पाठ करा’ म्हणतोय, आणि कोणी साधं ‘कोणाची?’ म्हणून विचारलं नाही!

मोठ्या बाई कागदावर वाकल्या. “मग या शेवटच्या चित्रात तोंड कसं दिसतंय?”

“वळली ना ती!” वटवट वैतागली. मोठ्या माणसांना समजावता समजावता ती अगदी टेकीला आली होती. एकेका चित्रावर बोट ठेवत तिने सुरू केलं,

“बदकबाई निघाल्या,
तळ्याकाठी थांबल्या,
छत्री घरी विसरल्या,
गर्रकन मागे वळल्या.

वळल्यावर तोंडच दिसणार ना?”

आपण अख्खी कविता म्हटली, हे तिच्या गावीही नव्हतं. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“पुन्हा म्हण गं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मी चित्रं बघत बसले, ऐकायचंच राहिलं.”

“मग खाली बसा. उभ्याने नीट दिसत नाही.”

मोठ्या बाईंनी दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि सरळ दोन मुलांच्या मध्ये फतकल मारली. मग मान वर करून बाईंना म्हणाल्या, “गणिताला दुसरा वार बघते मी.”