विनोदनं ब्रश खाली ठेवला

अक्षय तृतीया, मोताळ्याचं घर. हजर आई, मी आणि धाकटा भाऊ विनोद. शेजारच्या ताज्या रंगाच्या वासानं आज ती पंधरा वर्षांपूर्वीची सकाळ आठवली.

विनोदला बायपोलरचा आजार. तो उसळला की विनोदची झोप उडायची, बोलणं थांबायचं नाही आणि डॉक्टरांचं नाव काढलं की भांडण व्हायचं. त्या सकाळी मात्र अर्धं दार रंगवून त्यानं स्वतःच ब्रश खाली ठेवला.

"ताई, तीन दिसांपासून झोप नाही, तरी थकलो नाही. मले दवाखान्यात ने."

"सणाच्या दिवशी काऊन?" आई म्हणाली.

"बिमारी सण पाहून येते काय वं माय?"

मी घाईघाईनं फाईल, गोळ्या, पाण्याची बाटली पिशवीत भरली. त्याचं धाडस किती मोठं होतं, ते आज कळतं. त्याला 'शाब्बास' म्हणायचं माझ्याकडून अजून राहिलंय.