ती तंबाखू खात नव्हती

आमच्या घरच्या बाईएवढी, म्हणजे माझ्या बायकोएवढी, दुसऱ्याच्या तोंडाची काळजी करणारी बाई साऱ्या समुद्रपूर तालुक्यात झाली नाई. मेली ती तोंडाच्याच रोगानं. आमचं सोबतचं शेवटचं साधं काम म्हणजे सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधणं. बाजाराच्या आदल्या सांजेले ओसरीत बसलो होतो. तिचा गाल सुजला होता, बोलताना कळ येत होती, तरी मी बांधलेल्या जुड्या सोडून पुन्हा बांधत होती. "एवढ्या ढिल्या? गिऱ्हाईकाच्या हातात सुटतीन ना!" सकाळी तिले वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. तिथून ती परत आली नाई.

तिचा सारा राग खर्ऱ्यावर. पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू कोणाच्या हाती दिसली, की हिसकून थेट नालीत. पाव्हणा असो का पाटील. पुतणीच्या लग्नात नवरदेवाचा गाल फुगलेला दिसला, तर ही अंतरपाटापाशी गेली अन् म्हणे, "जावईबापू, आधी थुंकून या, मंग मंगलाष्टकं होतीन." भटजी थांबले, बँडवाला थांबला, नवरदेव मुकाट्यानं थुंकून आला. एकदा एसटीत कंडक्टरले म्हणे, "आधी तोंड रिकामं कर, बोलून काय राह्यला ते समजत नाई." मी खिडकीबाहेर कपाशी पाहात बसलो. माझा खर्रा तिनं उपासानं सोडवला. मी खाल्ला की ती जेवत नसे. काय करता? सुटला.

मंग गावात कॉलेजची एक पोरगी आली, लोकांच्या सवयींचा अभ्यास कराले. कोण काय खाते, हात कधी धुते, तंबाखू कोणाले लागते. आमच्या बाईले देव घरी आल्यासारखं झालं. पोरीले पंख्याखाली बसवलं, चहा पाजला, अन् साऱ्या गल्लीचं हीच सांगाले लागली. "त्याले नको विचारू बाई, तो खोटं बोलते. मले विचार." पोरीनं हसत विचारलं, "आणि आजी, तुम्ही? तंबाखू खाता?" चोरीचा आळ घ्यावा तशी चिडली. "जन्मात तोंडात टाकली नाई!" पोरीनं तसंच लिहून घेतलं.

खोटं ती बोललीच नव्हती. नस ती रोज घासे, सकाळी, जेवल्यावर, निजताना. पण नस म्हणजे आमच्याकडे मंजन. तिची माय घासे, माझी माय घासे, नळावरच्या साऱ्या बाया बोटानं घासत गोष्टी करतात. ती तंबाखूचीच भुकटी आहे, पण मंजनाले तंबाखू कोण म्हणते? गालाच्या आत पांढरा चट्टा आला तेव्हाही म्हणे, "दाढ दुखते," अन् तिथंच अजून नस लावली.

तेरवीले ती पोरगी भेटाले आली. नस कशाची असते ते डॉक्टरनं मले सांगितलं होतं, ते मी तिले सांगितलं. ती रडाले लागली. "बाबा, मी ते विचारलंच नाही."

"रडू नको. घरात राहून आमालेच ठाऊक नव्हतं. तुझा सवाल बदल. तंबाखू खाता काय, असं नको. दात कायनं घासता, ते विचार. अन् उद्या सकाळी बॅटरी घेऊन येजो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिले घेऊन मी नळावर गेलो. तिथं बाप्ये जात नाईत. बायांची बोटं तोंडातच थांबली.

"थुंका ते," मी म्हटलं. "अन् या पोरीले तोंड दाखवा."

"येडे झाले काय भाऊजी!" शेजारीण म्हणे. "बाई गेली तर आता आमच्या मागं लागले?"

"हो, लागलो."

कोणी हलेना. मंग माझ्या लहान भावाची बायको उठली. मी तिचा भासरा, लग्न झाल्यापासून माझ्यासमोर तिनं कधी तोंडावरचा पदर वर केला नव्हता. तिनं चूळ भरली, पदर मागं सारला, अन् बॅटरीच्या उजेडात तोंड उघडलं.

मी पाठ फिरवून उभा राह्यलो.